मधू, तुझं उंच हँडल काढलं

मधू, तुझं उंच हँडल मी काढलं. काल सकाळी, तुझ्याच अंगणात, तुझ्याच पान्यानं. तुझ्या तेरवीची भाड्याची भांडी अजून परत गेली नव्हती. "लोक काय म्हणतील, चार दिवस तरी थांबा," असं कमल म्हणत होती. कमल माझी बायको असली तरी तुझ्या बाबतीत तिचं मन नेहमीच मऊ. मी तिला म्हटलं, अकरा वर्षं थांबलो, आता एक दिवससुद्धा थांबणार नाही.

तेरवीला सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. मनमिळाऊ होता, कुणाच्याही अडीनडीला धावायचा, आणि फटफटी काय चालवायचा! माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं तेव्हा मी उठून अंगणात गेलो. लोकांना वाटलं, वसंताला दुःख आवरेना. आवरत नव्हता तो राग. तू असा छातीत कळ येऊन, खाटेवर बसल्या बसल्या, मागवलेला चहा यायच्या आत निघून जाशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आपला एक वाद उरला होता आणि तो मी जिंकणार होतो. समोरचा उठून गेल्यावर जिंकायचं, यात काय मजा आहे ते तूच सांग.

हा वाद मीच माझ्या घरात आणला होता. शाळेत एका बाकावर बसणारे आपण, तुझं लग्न कमलच्या धाकट्या बहिणीशी जमवलं ते मी. "आमच्या वर्गातला मधू आहे. उंच आहे, सरळ आहे," असं मामाजींना, माझ्या सासऱ्यांना, मीच सांगितलं. त्यातलं उंच तेवढं खरं निघालं. अशा रीतीनं आपण साडू झालो, आणि मामाजींची फटफटी आपल्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

मामाजी इतवारीतले सुताचे व्यापारी. कामठीला लष्करी सामानाच्या लिलावातून त्यांनी ती जुनी विलायती गाडी उचलली होती आणि तिच्यावर बसून उमरेडपासून खाप्यापर्यंत विणकरांची घरं पालथी घातली होती. गुडघे गेले तेव्हा त्यांनी गाडी विकली नाही, आणि दोन जावयांपैकी एकालाही दिली नाही. दोघांनाही दिली. दर पौर्णिमेला गाडीनं घर बदलायचं, असा त्यांनी नियमच घालून दिला. एका पौर्णिमेला नागपुरातल्या महाल भागात माझ्याकडे, पुढच्या पौर्णिमेला तुझ्याकडे. घरात सून आल्यासारखी तुझी बायको सुमन तिला हळदीकुंकू लावून आत घ्यायची.

गाडी एक असली तरी अंगं दोन होती. मी बुटका, तू ताडमाड. गाडीचं मूळचं हँडल बसकं होतं, ते माझ्या हाताला बेतून केल्यासारखं बसायचं. तू त्यावर वाकून बसलास की तुझी पाठ धरायची. म्हणून तू भंगारातून ते उंच हँडल शोधून आणलंस, म्हशीच्या शिंगांसारखं वर जाऊन मागे वळलेलं. त्यावर मी बसलो की गाडी चालवतोय की दोरीवरचे कपडे काढतोय ते कळायचं नाही. मग आपल्यात असं ठरलं की पौर्णिमेला ज्याच्या घरी गाडी येईल त्यानं दुसऱ्याचं हँडल काढायचं, आपलं बसवायचं आणि दुसऱ्याचं सामान दोन-चार दिवसांत त्याच्या घरी पोचवायचं. सगळ्या नागपुरात असा खुळेपणा करणारे साडू आपणच असू.

हँडल बदललं की वायरीही बदलाव्या लागत. ॲक्सिलेटरची, क्लचची आणि पुढच्या ब्रेकची. तुझं हँडल उंच, तर तुझ्या वायरी लांब. माझं बसकं, तर माझ्या आखूड. अदलाबदल होऊ नये म्हणून मी माझ्या वायरींच्या टोकांना लाल सुताचा धागा गुंडाळून ठेवला होता, आमच्या हातमाग सोसायटीतला, पक्क्या रंगाचा. तू हसला होतास. "वायरले लाल धागा? तिले काय नजर लागते का गा?"

हे काम मी मन लावून शिकलो होतो आणि तुलाही शिकवलं होतं. पेट्रोलच्या टाकीवर जुनं धोतर टाकायचं, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. नवी वायर घालण्याआधी तिच्या नळीत थेंब थेंब तेल सोडायचं. वायर ओढताना कुठे मुरड पडू द्यायची नाही. आणि सगळं बसवून झालं की शेवटी एक परीक्षा घ्यायची. गाडी स्टँडवर उभी करून चालू करायची, मुठीवरचा हात काढायचा आणि हँडल आधी पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे वळवायचं. इंजिनचा आवाज तसाच राहिला तर काम बरोबर. वळवताना आवाज चढला तर ॲक्सिलेटरची वायर आखूड पडते आहे. कारण डावीकडे वळलं की उजवी मूठ पुढे जाते, वायर ताणली जाते आणि कोणी मूठ पिळली नसली तरी गाडी आपोआप जोर घेते. हे मी तुला तुझ्या अंगणात दोनदा करून दाखवलं. तू म्हणालास, "मास्तर व्हायचा होता तू. चाल, चहा घेऊ."

अकरा वर्षांपूर्वीची ती पौर्णिमा कोजागिरीची. त्याआधीच्या महिन्यात गाडी तुझ्याकडे होती आणि तू माझं हँडल परत पाठवलंस तेव्हा सोबत दोनच वायरी होत्या. ॲक्सिलेटरची नव्हती. मी विचारलं तर म्हणालास, "पडली असंल कुठं तरी. भेटली का पाठवतो." कोजागिरीला संध्याकाळी तू गाडी आणून लावलीस, दूध प्यायलास आणि गेलास. दुसऱ्या दिवशी मला खाप्याला पोचायचं होतं. सोसायटीचे मोठे साहेब तिथले माग बघायला येणार होते, आणि फिरतीवरचा सुपरवायझर म्हणून मला कायम करायचं की नाही ते त्या दिवशी ठरणार होतं. हँडल बदलायला वेळ नव्हता. तुझ्याच हँडलवर बसून मी निघालो.

सुताचे नमुने घ्यायला इतवारीत शिरलो. भांडे ओळ या भांड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी डावीकडे एकदम वळण आहे. मी मूठ सोडलेली होती, मधू. हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. हात नुसता ठेवलेला होता. हँडल वळलं आणि गाडी एकाएकी किंचाळून पुढे झेपावली. पुढचं मला दिसलं ते पितळेचं. घागरी, पराती, बंब, कळशा, सगळं दुकान माझ्या अंगावर आलं. कोणाला लागलं नाही हे नशीब. माझं उजवं मनगट मोडलं.

बातमी लागताच तू धावत आलास. मी रस्त्यात बसलेला, हात लोंबतोय, भोवती माणसं घागरी गोळा करताहेत. आणि तुझं पहिलं वाक्य काय होतं?

"तुले वळण घेता येत नाही गा, वसंता."

मला दवाखान्यात पाठवून गाडी तू घरी घेऊन गेलास. चोरी होईल, म्हणालास. त्या दिवसापासून या गाडीला तू दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाहीस, मिस्त्रीचासुद्धा नाही.

मामाजींच्या बैठकीत हात गळ्यात बांधून मी सांगितलं की वायर आखूड होती, उंच हँडलला माझी वायर लावली होती, गाडी इथे आणा आणि सगळ्यांसमोर हँडल वळवून बघा. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. मामाजींना म्हणालास, "वायर बराबर होती. मी तर महिनाभर त्याच गाडीवर फिरलो. मले नाही काही झालं. आता साडूभाऊचा आपल्यावर भरोसाच नसंल तर काय बोलावं!" असं तू वाईट वाटल्यासारखं तोंड करून म्हणालास आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू तुझं मनगट मी मोडलं आहे. मामाजी म्हणाले, "वसंतराव, आता जिवाशी खेळ नोको. गाडी मधुकररावाकडंच राहू द्या."

खाप्याचे साहेब आले आणि गेले. मला कायम केलं ते टेबलावर. फिरती दुसऱ्याला मिळाली. तुला वाटायचं, पगार तोच आहे, सावलीत बसायला मिळतं, मग याचं रडगाणं कशाला? कन्हान नदीच्या काठानं सकाळी गाडी घालावी, खाप्याच्या गल्लीत शिरताना दोन्ही बाजूंनी मागांचा खटखट आवाज यावा, एखाद्या म्हातारीनं काठ उलगडून दाखवत "पाहून घ्या ना सायेब" म्हणावं, यासाठी मी नोकरी धरली होती. टेबलावर माझ्याकडे त्या म्हातारीचं लुगडं घडी होऊन यायचं. ते मी मोजायचो आणि शिक्का मारायचो.

आणि घरात माझं नाव पडलं. घागरवाले जावई. कुठल्या लग्नात घागर दिसली की कोणीतरी मला म्हणणार, "जावईबापू, जरा लांबून जा." बायका तोंडाला पदर लावणार. हे नाव तू ठेवलंस. पहिल्यांदा तुझ्या तोंडून निघालं ते अक्षयतृतीयेच्या जेवणात, मी पन्ह्याचा पेला डाव्या हातात धरलेला होता, उजवा अजून नीट धरत नव्हता. मीही हसलो, कारण न हसणारा माणूस आणखीच हास्यास्पद दिसतो. त्या हसण्याचाही सूड घ्यायचा राहिला होता.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाही तर तू वरून म्हणशील, वसंता फक्त वाईटच आठवतो. हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा तू रोज सकाळी आमच्याकडे यायचास. माझी दाढी करायचास. कमलला सांगायचास, "तुमी सरका वहिनी, हे बाप्याचं काम आहे." साबण फेसाळून, माझी हनुवटी दोन बोटांनी वर उचलून, जीभ बाहेर काढून तू इतक्या जपून वस्तरा फिरवायचास की आजतागायत कुठल्या न्हाव्यानं माझी तशी दाढी केली नाही. सदऱ्याची बटणं लावून द्यायचास. संत्रं सोलून, बिया काढून, फोडी ताटलीत मांडून जायचास. मी चिडलेला असायचो, बोलायचो नाही. तू एकटाच बडबडायचास. मला वाटायचं, कसा का असेना, मित्र आहे. भांडण बाजूला ठेवून येतो. या एका गोष्टीसाठी मी तुला आतून धरून ठेवलं होतं, मधू. काल तीही तू माझ्याकडून काढून घेतलीस.

काल काय झालं ते ऐक. सुमननं किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घेऊन जा भाऊजी, मले ते अंगणात पाहवत नाही," म्हणाली. मी म्हटलं, नेतो, पण आधी हँडल बदलतो, या उंच शिंगांवर बसून मी महालात शिरणार नाही. घरून माझं बसकं हँडल आणलं. टाकीवर धोतर टाकलं आणि वायरी सोडायला लागलो. क्लचची वायर जवळजवळ नवी होती. तुझ्या डब्यात तिच्यासारख्याच तुटलेल्या, झिजलेल्या क्लचच्या वायरींचं भेंडोळं सापडलं. मला कळेना, हा माणूस क्लच खात होता की काय? मग ॲक्सिलेटरची वायर सोडली. जुनी, काळी, तेलानं माखलेली. टोकावर काहीतरी चिकटलं होतं. अंगठ्यानं पुसलं. आमच्या सोसायटीचा लाल धागा.

मी तिथेच जमिनीवर बसलो. अकरा वर्षं माझी वायर तुझ्या हँडलला! तुझी तुटली असेल आणि हाताशी होती ती माझी तू ओवली असशील. मी ती पुन्हा होती तशी जोडली, उंच हँडल होतं तसं कसलं, गाडी स्टँडवर चालू केली आणि मुठीवरचा हात काढून हँडल डावीकडे वळवलं. गाडी घुर्र करून किंचाळली.

तो आवाज मी ओळखत होतो. सगळा महाल ओळखत होता. आमच्या ऑफिसच्या खिडकीखालून तू रोज जायचास, आणि कोपऱ्यावर डावीकडे वळताना क्लच दाबून गाडी अशी घुर्र करायचास. लोक म्हणायचे, मधूची ऐट! कॉलेजची पोरं तुझी नक्कल करायची, वळणावर क्लच दाबून उगीच इंजिन ओरडवायची. मी टेबलावर शिक्का हातात धरून तो आवाज ऐकायचो आणि मला वाटायचं, मला चिडवायला करतो हा, माझ्याच खिडकीखाली येऊन मला घागर दाखवतो. तुझी ती ऐट नव्हतीच. वायर ओढत होती म्हणून इंजिन ओरडत होतं, आणि गाडी पुढे उडी मारू नये म्हणून तू क्लच दाबत होतास. डावीकडच्या प्रत्येक वळणाला. म्हणून क्लचच्या वायरी तुटत होत्या.

एक वायर बदलायची होती, मधू. ते तुला सुचलं नसेल असं नाही. पण वायरी बनवणारा महालात एकच, आमच्या ऑफिसच्या समोर बसणारा, आणि गावभर बोलणारा. तू त्याच्याकडे लांब वायर मागितली असतीस तर संध्याकाळपर्यंत मला कळलं असतं. दुसऱ्या गावाहून आणली असतीस तर वळणावरची घुर्र थांबली असती आणि लोकांनी विचारलं असतं की ऐट कुठे गेली. म्हणजे मला एकदा "तुझं बरोबर होतं" म्हणण्यापेक्षा अकरा वर्षं डावीकडे वळताना जीव मुठीत धरणं तुला सोपं वाटलं. हे कळल्यावर मला काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. आनंद झाला. इतका आनंद मला मुलगा पास झाला तेव्हाही झाला नव्हता. मी समजत होतो, तू मजेत फिरतोस. आणि तू तर प्रत्येक कोपऱ्यावर माझी आठवण काढत होतास!

मग मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. मामाजींना दोघांनी धरून आणलं. कमल, सुमन, तेरवीसाठी थांबलेले पाहुणे, सगळे उभे केले. कमल म्हणाली, "अवो, हे काय करून राहिले तुमी? तेरवीची रांगोळी नाही पुसली अजून." मी ऐकलं नाही. गाडी चालू केली, दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले आणि मग एका बोटानं हँडल डावीकडे ढकललं. गाडी ओरडली. पुन्हा ढकललं. पुन्हा ओरडली. म्हटलं, हा माझा अपघात, बघून घ्या. वायर काढून लाल धागा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर धरला.

मामाजींनी वायर हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "मंग हे तवाच काहून नाही सांगतलं, वसंतराव?"

"सांगितलं होतं मामाजी. तुमच्या बैठकीत."

"मले आठवत नाही," ते म्हणाले आणि आत न्यायला सांगितलं. एक पाहुणा म्हणाला, "जाऊ द्या, आता तो राहिला नाही." दुसऱ्यानं विचारलं, जुनी वायर अशीच ताणत असते का, म्हणजे त्याच्या स्कूटरचंही तसंच होतं. एवढंच. अकरा वर्षं मी या सकाळची तयारी केली होती, रात्री अंथरुणावर वाक्यं जुळवली होती, आणि लोक पाच मिनिटांत पांगले. ज्या एका माणसाचा चेहरा पडलेला मला बघायचा होता, तो फोटोत हार घालून हसत होता. मी ती वायर नेऊन तुझ्या फोटोखाली ठेवली, निरांजनाच्या बाजूला. ठेवताना मला तुझी दाढी करण्याची ती तऱ्हा आठवली. म्हणजे ते मैत्रीनं नव्हतंच. तुला माहीत होतं. मोडलेल्या हाताचं तू रोज थोडं थोडं फेडत होतास आणि मला मात्र ते संत्र्याच्या फोडी म्हणून खायला लावत होतास. तिथेच तुझ्या फोटोला मी दोन शिव्या दिल्या. नंतर रडलो, हेही सांगून टाकतो.

मागे सुमन उभी होती. तिनं वायर उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

"भाऊजी, हे त्यायले मालूम होतं?"

"होतं."

"पयल्यापासून?"

"तुझ्या नवऱ्यानंच बसवली ती, सुमन."

ती खाली बसली. मला वाटलं, आता रडेल, आणि मला माझीच लाज वाटायला लागली. पण ती रडली नाही. म्हणाली, "मले त्यायनं कधी मागं बसवलं नाही. तुमच्या अपघातापासून एकदाबी नाही. बजारात जायचं तर मी सायकल रिक्षात आणि हे फटफटीवर, रिक्षाच्या बाजूनं. माहेरी आली तरी तसंच. बाया मले हसत. मी इचारलं तर म्हणत, तुले भेव लागंल. मले वाटे, मी काळी, जाडी, मी मागं बसली का यायच्या गाडीची शान जाते. मंग मीच इचारणं सोडून देलं."

माझ्या डोक्यात अकरा वर्षं फक्त माझं मनगट होतं. तुझ्या मागची रिकामी सीट मीही रोज पाहिली होती, मधू, आणि मला वाटायचं, मेला एकटाच ऐटीत फिरतो. तिला मागे बसवायची तुला भीती वाटत होती. म्हणजे तेवढी माया तुझ्याकडे होती. आणि तरी वायर बदलायची नाही! तिनं आरशासमोर उभं राहून स्वतःला नावं ठेवली तरी चालेल, पण वसंता खरा ठरता कामा नये. माझं काय केलंस ते एक वेळ मी गिळलं असतं. पण हे कोणासाठी गिळू?

दुपारी मी महालात त्याच वायरवाल्याकडे गेलो. तुझी जुनी वायर म्हणजे माझीच, ती माझ्या हँडलला बेतशीर झाली असती, पण ती मला गाडीवर नको होती. नवीन तिन्ही वायरी समोर बसून करून घेतल्या. आज सकाळी बसकं हँडल चढवलं, वायरी ओवल्या, नळ्यांत तेल सोडलं. गाडी चालू करून उजवीकडे वळवलं, डावीकडे वळवलं. आवाज होता तसा राहिला. मी निघायला किक मारणार तोच सुमन दारातून बाहेर आली. पायात चपला घातलेल्या.

"मले एक चक्कर मारून आणा भाऊजी."

मी कमलकडे पाहिलं. तेरवीला दोन दिवस झाले नाहीत, आणि ही बहिणीच्या नवऱ्यामागे फटफटीवर. गल्लीत चार बाया उभ्याच होत्या. मला वाटलं, कमल अडवेल. कमलनं पुढे येऊन सुमनचा पदर नीट खोचून दिला. "चाकात जाऊ देऊ नोको वं," एवढंच म्हणाली.

सुमन बसली. तिला कुठे धरायचं ते माहीत नव्हतं, सीटची कड घट्ट धरून बसली. मी सरळ इतवारीकडे घेतली. हातगाड्या, टेम्पो, धान्याची पोती, सगळ्यांतून सावकाश. भांडे ओळ जवळ आली तशी तिनं सीट सोडून माझा खांदा धरला. बोटं रुतेपर्यंत.

"इथंच का हो?"

"इथंच."

मी मूठ सोडली आणि डावीकडे वळलो. दुकानदार घागरी मांडत होता. गाडी काही न बोलता वळली आणि ओळीत शिरली, आपली फटफट करत, शहाण्यासारखी. थोडं पुढे जाऊन मी कडेला थांबवली.

"झालं?" सुमननं विचारलं.

"झालं."

"मंग काहून नाही ओढली?"

"नवीन वायर टाकली ना."

ती गाडीवरून उतरली नाही. माझ्या खांद्यावरचा हात तिनं काढला आणि मागे वळून त्या वळणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "एवढंच होतं?"

मी गाडी चालू केली आणि तिला घरी आणून सोडलं. याचं उत्तर मला देता आलं असतं, मधू, पण मी दिलं नाही. तिनं ते मला विचारलंच नव्हतं, तुला विचारलं होतं.